घटक : फक्त ज्वारी

त्या उन्हाळ्यात आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरात अठ्ठावीस ठिकाणचे पापड होते. उडदाचे, मुगाचे, नागलीचे, शिवाय केळीचे वेफर्स, शेव, लोणची आणि काळ्या मसाल्याच्या पुड्या. फ्रीजवर, दिवाणाखाली, पूजेच्या कोनाड्याच्या खालच्या फळीवर, सगळीकडे खोकी. घरातले म्हणायचे, "आज जेवायला काय, की फक्त तोंडी लावायला?" मी हसायची नाही. हसायला जो जीव लागतो तो दुपारपर्यंत संपलेला असायचा.

काम असं होतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या लहान लहान खाद्यपदार्थ करणाऱ्या लोकांना, बहुतेक बायकाच, एका योजनेतून वेबसाइटी करून दिल्या होत्या. आता त्या वेबसाइटी कशा आहेत हे कुणीतरी तपासायला हवं होतं. बावीस वर्षं मी टायपिंगचा क्लास चालवला, पुढे त्यातच चार कॉम्प्युटर ठेवले, आणि लोकांच्या हातात मोबाईल आल्यावर सगळं बंद केलं. माझ्याच क्लासची एक जुनी विद्यार्थिनी धुळ्याला या योजनेचं काम बघत होती. तिचा फोन आला, "मॅडम, चूक तुमच्यासारखी कुणाला दिसत नाही. तुम्ही कराल का?" कुणीतरी आठवण ठेवली याचंच मला इतकं बरं वाटलं की मी पुढचं काही विचारलंच नाही.

छत्तीस प्रश्नांचा तक्ता होता. पान किती वेळात उघडतं? मोबाईलवर अक्षरं वाचता येतात का? फोटो पदार्थाचाच आहे का? परवान्याचा नंबर दिलाय का? घटक लिहिलेत का? प्रत्येक वेबसाइटवरून एक वस्तू मागवायची, ती कधी आली, कशी आली, फुटली का, हे लिहायचं. हो असेल तर एक, नाही तर शून्य. शेवटी बेरीज करून धुळ्याला पाठवायचं.

पहिल्या आठवड्यात मजा वाटली. एका लोणच्याच्या बरणीखाली साईझ विचारली होती : स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज. कपड्यांच्या दुकानासाठी केलेला साचा तसाच उचलून लोणच्याला लावला होता. एका शेववाल्याच्या 'आमच्याविषयी' या पानावर त्यांच्या हिमालयातल्या सफरचंदाच्या बागांचं वर्णन होतं. साक्रीकडच्या एका गटाची वेबसाइट साक्रीचाच पिनकोड घेत नव्हती. 'या भागात आम्ही माल पोहोचवत नाही' असं नम्रपणे सांगायची. आणि लाल स्कार्फ बांधलेली, हातात टोपली घेतलेली एक हसरी बाई तर एकोणीस ठिकाणी होती. ती कुठली कोण जाणे. खानदेशातली नक्की नव्हती.

दुसऱ्या आठवड्यापासून मजा गेली. तेच साचे, तीच बटणं, तीच 'परंपरेची चव'. कूलरसमोर बसून मी तीच वाक्यं पुन्हा पुन्हा वाचायची आणि एक, शून्य, शून्य, एक असं लिहायची. मान आखडायची. संध्याकाळी डोळे मिटले की पांढऱ्या पानावर फिरणारं ते गोल चक्र दिसायचं. सगळ्यात जास्त थकवा या गोष्टीचा होता की ज्या बायकांच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्यांपैकी एकीशीही मी बोलले नव्हते. तक्त्यात तसा प्रश्नच नव्हता.

अशात सोनगीरची वेबसाइट उघडली. दोन जावांची. मुख्य माल बिबडे. खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं : ज्वारी भिजवून, दळून, शिजवून तिचं घट्ट पीठ कापडावर थापायचं आणि गच्चीवर कडक वाळवायचं. नंतर भाजा नाहीतर तळा. ही वेबसाइट पटकन उघडली. फोटो त्यांच्या स्वतःच्या गच्चीवरचे होते, मागे किल्ल्याची टेकडी दिसत होती. परवान्याचा नंबर होता, कधीपर्यंत टिकेल ते होतं, कसं ठेवायचं ते होतं. आणि स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं : घटक : फक्त ज्वारी, मीठ, तीळ, जिरं. खाली हिरव्या चौकटीत : ग्लूटेन-फ्री.

मला खरोखर आनंद झाला. उन्हात चालताना झाड लागावं तसा. एकविसावा प्रश्न, 'घटक स्पष्ट लिहिले आहेत का?' : एक. बाविसावा, 'आहाराविषयी विशेष माहिती आहे का?' : एक. पार्सल पाचव्या दिवशी आलं, एकही बिबडं फुटलेलं नव्हतं. आम्ही ते गॅसवर भाजून वर तेल लावून कच्च्या शेंगदाण्यांबरोबर खाल्ले. छत्तीसपैकी तेहेतीस गुण दिले. शेऱ्यात लिहिलं, 'इतरांना दाखवण्याजोगी'.

धुळ्याने माझा शेरा अगदी मनावर घेतला. योजनेच्या माहितीपत्रात सोनगीरची वेबसाइट नमुना म्हणून छापली. वेबसाइटच्या पहिल्या पानावर एक गोल चिन्ह लावलं, त्यात लिहिलं 'गुणवत्ता तपासलेली'; पुढे ते इतर वेबसाइटींवरही लागलं. दोन्ही जावांना पुणे-नाशिकहून ऑर्डरी येऊ लागल्या, असं माझी विद्यार्थिनी आनंदाने सांगत होती. मी पुढच्या वेबसाइटींकडे वळले.

महिन्याभराने तिचाच फोन आला. आवाज उतरलेला.

"मॅडम, सोनगीरची तक्रार आलीय. नाशिकच्या एक बाई आहेत. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला गहू अजिबात चालत नाही. बिबडे खाल्ले आणि आजारी पडली. दोन दिवस दवाखान्यात होती."

"पण बिबडं तर ज्वारीचं असतं."

"तेच ना. तुम्ही एकदा बोलता का त्यांच्याशी? तपासणी तुमची आहे म्हणून म्हणते."

मी नाशिकला फोन लावला. माझी ओळख सांगितली. पलीकडची बाई ओरडेल असं वाटलं होतं. ती अगदी सावकाश बोलली आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

"माझ्या मुलीला बाहेरचं काही देत नाही मी. वाढदिवसालाही नाही. इतर मुलं कुरकुरीत काहीतरी खातात, ही बघत बसते. तुमच्या पानावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं बघितलं. तरी दोन दिवस विचार केला. मग ते चिन्ह दिसलं, तपासलेलं म्हणून. ते बघून मागवलं."

मी समोरचा तक्ता जवळ ओढला.

"तुम्ही नक्की काय तपासलं होतं हो?" तिने विचारलं.

काय सांगणार? लिहिलंय का, एवढंच तपासलं होतं. जे लिहिलंय ते खरं आहे का, हे नाही. मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

टायपिंगच्या क्लासात बावीस वर्षं मी मुलींच्या कागदांवर लाल शाईने गोल केले. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेली मात्रा, दोन शब्दांत जास्तीची जागा. त्या अर्जांत काय लिहिलंय, ते खरं की खोटं, हे बघायचं काम माझं कधीच नव्हतं. आपल्याला चुका दिसतात असं मला वाटायचं. मला अक्षरं दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. जायला कुणी सांगितलं नव्हतं. एरंडोल, पारोळा, धुळे. धुळ्याला गाडी बदलली. एप्रिल संपत आला होता, खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. सोनगीरच्या फाट्यावर उतरले तेव्हा डोकं ठणकत होतं. भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत बिबडेवाल्यांचं घर विचारलं तर एकाने हातातलं काम न थांबवता दाखवलं.

घरात दोघी जावा होत्या. थोरली साठीची, बारीक चणीची, हाताला तीळ चिकटलेले. धाकटी पस्तिशीची, बारावी शिकलेली. वेबसाइटचं, फोनचं सगळं तीच बघायची. माझ्याबद्दल त्यांना धुळ्याहून कळलं होतं, मात्र काय झालंय ते नीट कळलं नव्हतं. चहा नको म्हटलं तरी चहा आला. गच्चीवर नेलं. जुन्या सुती साड्या अंथरलेल्या, त्यांवर बिबड्यांचे गोल. त्याला लागूनच, त्याच साडीच्या दुसऱ्या टोकाला, गव्हाच्या कुरडया वाळत होत्या.

मी थोरलीला विचारलं, "अक्का, बिबड्यात काय काय घालता?"

तिने सांगितलं. ज्वारी, मीठ, तीळ, जिरं. मग, जणू सांगण्यासारखं काही नव्हतंच अशा सुरात म्हणाली, "आनि मूठभर चीक."

"कसला चीक?"

"गहूना. कुरडईसाठे करतस ना, तोच. मूठभर टाकनाच पडस. नही टाका ते बिबडं फुटस. आमनी सासू बी टाके."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. लग्न होऊन बारा वर्षं झालेली, दर उन्हाळ्यात ती बिबडे थापायची. पण पीठ नेहमी थोरली शिजवायची, पहाटे, एकटी. ती मूठ धाकटीने कधी पाहिलीच नव्हती.

"वेबसाइट करणाऱ्याने फोनवर विचारलं होतं मला," धाकटी म्हणाली. "कशाचे असतात? मी म्हटलं, ज्वारीचे. तो म्हणाला, गहू नाही ना? मला हसूच आलं. म्हटलं, गव्हाचं बिबडं कुठे असतं? मग तो म्हणाला, छान, हे लिहिलं की लोक घेतात. काहीतरी इंग्रजी शब्द बोलला. मला वाटलं, चांगलंच काहीतरी असेल."

मग मी दोघींना काय झालं ते सांगितलं. मुलगी, नाशिक, दवाखाना. ग्लूटेन म्हणजे काय ते सांगताना माझीच त्रेधा उडाली. शेवटी म्हटलं, काहींच्या पोटाला गहू विषासारखा असतो, चिमूटभरही. थोरली खाली बसली. गच्चीच्या कठड्याला टेकून बिबड्यांकडे बघत होती. खाली हायवेवरून ट्रक जात होते.

"तिना मायले फोन लावा," ती म्हणाली.

मला लावावासा वाटत नव्हता. त्या बाईला पुन्हा त्रास कशाला. पण अक्का माझ्या हातातल्या फोनकडे बघत तशीच थांबली. शेवटी लावला, आधी परवानगी विचारली, आणि स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला.

"माय, बिबडा मीच करस," अक्का मोठ्याने बोलली, नाशिक लांब आहे म्हणून जास्तच मोठ्याने. "त्यामा गहू मन्हा हातनाच टाकेल शे. तो कोनी लिखा नही. मन्ही जाऊनी चूक नही. माफ कर असं कसं म्हनू? पोर कशी शे आते, तेवढं सांग."

मग ती बाई म्हणाली, "आता बरी आहे. शाळेत जाते." आणि थोड्या वेळाने, "मावशी, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या करताय तसं केलंत. पण माझी मुलगी चार दिवस तडफडत होती, ते मी बघितलंय. मला आत्ता कुणाशीच गोड बोलता येणार नाही."

"नको बोलू," अक्का म्हणाली. "खरं शे."

फोन बंद झाला. धाकटी रडत होती. अक्का उठून साडीच्या टोकावरच्या कुरडया उलट्या करू लागली. काम हाताशी असलं की बाईमाणसाला बरं असतं. मला मात्र त्या गच्चीवर करण्यासारखं काही नव्हतं.

जेवायला बसवलंच त्यांनी. शेवभाजी, भाकरी. जेवता जेवता धाकटी म्हणाली, तो हिरवा चौकोन आजच काढायला सांगते. मग म्हणाली, नाहीतर चीक न टाकता करून बघू, नव्या साड्या, वेगळं पातेलं, वेगळी गच्ची. म्हणजे चौकोन ठेवता येईल. पुण्याच्या ऑर्डरी त्याच शब्दावर येतात. थोरलीने ऐकून घेतलं. तिने एकच विचारलं, "आपला दयनवर काय दयतस लोक?" गिरणीवर काय काय दळतात लोक? गहूच. उत्तर तिघींना माहीत होतं. त्यांची ज्वारीही तिथेच दळली जायची.

"जे शे ते लिखा," अक्का म्हणाली. "बठ्ठं लिखा. मूठ बी लिखा." बठ्ठं म्हणजे सगळं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली पण झोप लागली नाही. धुळ्याला थांबून विद्यार्थिनीच्या ऑफिसात गेले. तिला म्हटलं, माझा तक्ता परत दे, मला गुण बदलायचेत. ती म्हणाली, "मॅडम, तुमची चूक नाही. प्रश्न होता घटक लिहिले आहेत का. लिहिले होते. तुम्ही हो म्हटलं. बरोबरच आहे."

"मग प्रश्न चूक आहे. त्यात एक घाल. जो पदार्थ करतो त्याला विचारलं का?"

"तक्ता वरून आलाय. तो आपण बदलू शकत नाही." ती वाईट मुलगी नव्हती. तिच्या टेबलावर तसे शंभर तक्ते होते, आणि टेबलामागे तीही माझ्याइतकीच थकलेली दिसत होती. शेवटी तिने एवढं केलं की सगळ्याच पानांवरून ते गोल चिन्ह काढायला लावलं. तेवढ्यासाठी तिला योजनेच्या पुण्याच्या मुख्य कार्यालयाला तीन पत्रं लिहावी लागली, हे मला नंतर कळलं.

सोनगीरच्या पानावर आता लिहिलंय : ज्वारी, मीठ, तीळ, जिरं, गव्हाचा चीक. खाली धाकटीने स्वतः घातलेलं वाक्य : ज्यांना गहू चालत नाही त्यांनी कृपया घेऊ नये. ते वाक्य घातल्यावर ऑर्डरी पुष्कळ कमी झाल्या. ती पावसाळ्यात मला फोनवर म्हणाली, "लोक वाचतात आणि निघून जातात, ताई." तक्रार नव्हती ती. मी अक्काची विचारपूस केली. म्हणाली, बरी आहे, पण आता पीठ शिजवताना मला उठवते, बघ म्हणते काय टाकते ते. नाशिकच्या बाईने पुन्हा कधी फोन केला नाही, मीही केला नाही. कधीकधी नंबर समोर येतो. तो पुसायचा धीर होत नाही आणि लावायचाही.

मी मागच्या सगळ्या वेबसाइटींवरचे नंबर काढले आणि फोन करत सुटले. तो कामाचा भाग नव्हता, त्यामुळे कुणाला सांगितलं नाही. निम्म्या ठिकाणी नंबर वेबसाइट करणाऱ्याचाच निघाला. काही बायका घाबरल्या, त्यांना वाटलं मी अन्न तपासणारी अधिकारी. एक जण म्हणाली, "आमच्या मसाल्यावर शंका घेता?" आणि फोन आपटला. एकीच्या 'शंभर टक्के शेंगदाणा तेल' या वाक्याबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "ते कुठे लिहिलंय?" तिने आपली वेबसाइट कधी पाहिलीच नव्हती. तीन ठिकाणी लिहिलेलं आणि घातलेलं वेगळं निघालं. तिन्ही मी शेऱ्यात लिहून पाठवली. शेऱ्याला गुण नसतात.

पुढच्या वर्षी नव्या वेबसाइटींची यादी आली. नाही म्हणणार होते. मानेचा डॉक्टरही तेच म्हणाला होता. घरातल्यांनी विचारलं, "परत पापड?" मी हो म्हटलं तेव्हा त्यांनी फक्त दिवाणाखालची जागा रिकामी करून दिली.

परवा अमळनेरकडच्या एका लोणचेवाल्यांना फोन लावला. पन्नाशीचे गृहस्थ, बोलायला मोकळे. पानावर सगळं व्यवस्थित होतं, घटकांची यादीही होती. मी म्हटलं, भाऊ, यादी वाचली मी, तरी तुम्ही तोंडाने एकदा सांगा. ते सांगू लागले : कैरी, मीठ, मोहरी, मेथी, तिखट, हळद, तेल, हिंग. हिंगावर अडखळले.

"हिंग कसला घेता?" मी विचारलं. "डबीतल्या तयार हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं कधीकधी."

"पीठ? हिंगात?" ते म्हणाले. "ते बुवा मला नाही माहीत. हिंग आमची मंडळी आणते. थांबा, विचारून सांगतो."

त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. आत मिक्सर चालू होता, तो बंद झाला. लांबून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. कपाटाचं दार उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज आला. मी पेन हातात धरून वाट बघत बसले.